व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर निवडताना: आधी स्पीकर, मग वॉट, मग व्हॉल्व्ह

घरी गाणं ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) ॲम्प्लिफायर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो व्हॉल्व्हच्या नावाचा. ३००बी की केटी८८? ईएल३४ की ६एल६? खरं तर हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न स्पीकर कोणते हा, आणि दुसरा, त्या स्पीकरना तुमच्या खोलीत किती वॉट लागतात हा. क्रम उलटा झाला की देखणा, महागडा ॲम्प घरी येतो, आवाज जरा वाढवला की डग्गा फाटतो आणि दोष व्हॉल्व्हच्या माथी मारला जातो.

पुढची माहिती घरच्या स्टिरिओ पॉवर आणि इंटिग्रेटेड ॲम्पबद्दल आहे. गिटारचे ॲम्प मुद्दाम फाटावेत म्हणूनही बनवतात. त्यांचे आडाखे इथे लावू नका.

१. स्पीकरचा कागद आधी वाचा

माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी शोधा. १ वॉट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. बुकशेल्फ स्पीकर साधारण ८४ ते ८८, उभे फ्लोअरस्टँडर ८८ ते ९१ आणि मोठे हॉर्न ९७ च्या पुढे. आकडा कसा मोजलाय तेही बघा. ‘२.८३ व्होल्टला’ असं लिहिलं असेल तर ८ ओहमच्या स्पीकरला तो बरोबर १ वॉट होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॉट. म्हणजे ८७ छापलेला ४ ओहमचा स्पीकर प्रत्यक्षात ८४ चाच, आणि त्याला दुप्पट ताकदीचा ॲम्प लागणार.

आता हिशेब. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. दिवाणखान्यात तीनेक मीटरवर बसलात तर भिंतींवरून परत येणारा आवाज धरूनही ८ डेसिबलच्या आसपास कमी होतात. दुसऱ्या स्पीकरमुळे ३ परत मिळतात. निव्वळ ५ वजा धरा. ८७ च्या स्पीकरला १ वॉट दिला तर तुमच्या कानापाशी ८२ पोचतात, ८ वॉटला ९१ आणि ३५ वॉटला ९७.

सरासरी ७५ डेसिबल म्हणजे फ्लॅटमध्ये चांगला भरलेला आवाज. पण तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा एकदम चढलेला झोत सरासरीच्या १५ डेसिबल तरी वर उडी मारतो. म्हणजे ९० हवेत, आणि ८ वॉटचा ॲम्प तिथे अगदी काठावर आहे. थोडं मोकळं ऐकायची सवय असेल, सरासरी ८०, तर ९५ हवेत आणि ८ वॉट उघडउघड अपुरे पडतात. तेच स्पीकर ९५ चे असते तर त्याच ८ वॉटमध्ये ९९ मिळाले असते आणि प्रश्नच उरला नसता.

यातून ढोबळ हिशेब असा निघतो: ८४ ते ८७ च्या स्पीकरना ३० वॉटच्या खाली जाऊ नका, ८८ ते ९१ ना १५ ते ३५ पुरतात, ९२ ते ९५ ना ८ ते १५, आणि ९७ च्या पुढे २ ते ८ वॉटमध्येही मजा येते. खोली लहान असेल, बसायची जागा दीड मीटरवर असेल, तर एक पायरी खाली चालेल.

२. इम्पीडन्सची रेघ सपाट आहे का?

या पायरीकडे बहुतेक जण काणाडोळा करतात, आणि खरेदीनंतरचा पस्तावा बहुधा इथूनच सुरू होतो. इम्पीडन्स म्हणजे स्पीकर करंटला करतो तो अडथळा. ‘८ ओहम’ हा त्याचा नुसता नावापुरता आकडा. प्रत्यक्षात तो सुरासुराला बदलतो: खर्जात कुठे २० ओहम, मधल्या पट्टीत कुठे ४. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला याचं फारसं सोयरसुतक नसतं, कारण त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा, सहसा ०.१ ओहमपेक्षाही कमी असतो. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) नसलेल्या ३००बी ॲम्पचा तो २ ते ३ ओहम निघतो.

२.५ ओहम धरून बघू. जिथे स्पीकर २० ओहम आहे तिथे आवाज १ डेसिबलने घटतो. जिथे ४ ओहम आहे तिथे ४.२ ने. म्हणजे त्या दोन जागांमध्ये ३ डेसिबलहून जास्त फरक पडला आणि गायकाचा आवाजच वेगळा वाटायला लागला. कुणाला हा बदल ‘उबदार’ वाटतो, कुणाला ‘गढूळ’. दोघांचंही मूळ हेच. फीडबॅक असलेल्या पुश-पुल ॲम्पचा (ही रचना पुढच्या भागात) आउटपुट इम्पीडन्स ०.८ ओहमच्या आसपास धरला तर तोच फरक १.२ डेसिबलवर येतो.

म्हणून स्पीकरच्या चाचणीत इम्पीडन्सचा आलेख मिळतो का ते शोधा. कमीत कमी आकडा ५-६ ओहमच्या वर असेल तर कुठलाही व्हॉल्व्ह ॲम्प चालेल. ३ ओहमपर्यंत घसरत असेल तर सिंगल एंडेडचा (तीही रचना पुढे) विचार सोडा, पुश-पुल घ्या आणि ४ ओहमचा टॅप (ॲम्पच्या मागचं जोडणीचं टोक) वापरा.

३. रचना ओळखा

*सिंगल एंडेड.* एका चॅनलला सहसा एकच पॉवर व्हॉल्व्ह, आणि तोच पूर्ण लहर हाताळतो. नेहमी क्लास ए, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट कुठल्याही क्षणी बंद होत नाही. २ए३ मधून साधारण ३.५ वॉट, ३००बी मधून ८, ८४५ मधून २० च्या आसपास. हे तिन्ही ट्रायोड, म्हणजे तीन टोकांचे व्हॉल्व्ह. ईएल८४ किंवा ईएल३४ सारखे पेंटोडही (पाच टोकांचे) अशा रचनेत लावतात, तेव्हा अनुक्रमे ३ ते ५ आणि ८ ते १० वॉट मिळतात. विकृतीत दुसरा हार्मोनिक ठळक असतो, म्हणजे मूळ सूरच, एक सप्तक वर. तो कानाला खटकत नाही, उलट कंठसंगीत आणि तंतुवाद्यं भरदार वाटतात. किंमत मोजावी लागते ती खर्जात. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी करंट वाहतो, त्यामुळे त्याच्या गाभ्यात फट ठेवावी लागते, फटीमुळे इंडक्टन्स घटतो आणि खोल खर्जासाठी ट्रान्सफॉर्मर बराच मोठा करावा लागतो. स्वस्त सिंगल एंडेडमध्ये नेमकी तिथेच काटकसर केलेली असते. शिवाय पॉवर सप्लायची घरघर आपोआप कटत नाही, आणि १०० डेसिबलच्या हॉर्नवर ती लगेच कानावर येते.

*पुश-पुल.* एका चॅनलला दोन (किंवा चार) पॉवर व्हॉल्व्ह, उलट फेजमध्ये चालणारे. दोघांचा डीसी करंट गाभ्यात एकमेकाला छेद देतो, म्हणून फट लागत नाही, त्याच वजनाच्या ट्रान्सफॉर्मरमधून जास्त खर्ज निघतो, घरघर आणि सम हार्मोनिकही बरेचसे कटतात. ईएल८४ ची जोडी १० ते १७ वॉट देते, ईएल३४ ची ३५ ते ५०, केटी८८ ची ५० आणि त्याहून वर. १९४७ मध्ये विल्यमसन या अभियंत्याने केटी६६ वापरून ट्रायोड पद्धतीने जोडलेला आराखडा मांडला. १९५१ मध्ये हॅफलर आणि केरोस यांनी अल्ट्रालिनिअर जोडणी लोकप्रिय केली, ज्यात स्क्रीन ग्रिड (पॉवर व्हॉल्व्हच्या आतली दुसरी जाळी) ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून, साधारण ४० टक्क्यांवर, काढलेल्या टॅपला जोडतात. आजचे बहुतेक पुश-पुल ॲम्प याच घराण्यातले. काहींवर ‘ट्रायोड / अल्ट्रालिनिअर’ असं बटण असतं. ट्रायोडवर ताकद निम्म्याच्या आसपास येते, तेव्हा नाजूक स्पीकरना ते ठेवा आणि बाकी वेळी अल्ट्रालिनिअर.

*ओटीएल.* आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. ८ ओहमचा स्पीकर थेट चालवायला ६एएस७ किंवा ६०८० सारखे बरेच व्हॉल्व्ह समांतर लावावे लागतात, आणि त्यातल्या एकेकाचं नुसतं हीटरच जवळपास १६ वॉट खातं. नवख्याने स्पीकरसाठी या वाटेला जाऊ नये. ३०० ओहमच्या हेडफोनसाठी मात्र एका ६०८० चा छोटा ओटीएल झकास चालतो.

*हायब्रिड.* पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर किंवा क्लास डी चिप. प्रामाणिक हायब्रिड चांगले असतात आणि अवघड स्पीकरना उपयोगी पडतात. पण अगदी स्वस्तातल्या डब्यांत ६जे१ सारखे छोटे व्हॉल्व्ह कमी व्होल्टेजवर नुसते बफर म्हणून बसवलेले असतात आणि खालून नारिंगी एलईडी लावून उजळवलेले असतात. आवाज त्या चिपचाच असतो. ओटीएल सोडला तर खऱ्या पॉवर व्हॉल्व्हच्या स्टिरिओ ॲम्पमध्ये दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि एक मेन्स ट्रान्सफॉर्मर असतोच, आणि उचलल्यावर ते हाताला कळतं. ‘३५ वॉट पुश-पुल’ सांगणारा स्टिरिओ ॲम्प पाच-सहा किलोचा असेल तर आकडा खोटा आहे किंवा खर्ज गायब आहे. पंधरा किलोच्या पुढे वजन असणं रास्त.

ताकदीचा आकडा बघताना आणखी एक प्रश्न विचारा: ही ताकद कुठल्या फ्रिक्वेन्सीला आणि किती विकृतीला? १ किलोहर्ट्झला, १० टक्के विकृतीला ५० वॉट म्हणणाऱ्या ॲम्पचे ३० हर्ट्झला, १ टक्क्याला बऱ्याचदा २० ही उरत नाहीत.

४. आता व्हॉल्व्ह, आणि बायस

बहुतेक घरांत ८६ ते ८९ डेसिबलचे स्पीकर असतात. अशा घरासाठी ईएल३४ चा पुश-पुल हा पहिला ॲम्प म्हणून सगळ्यात शहाणा पर्याय आहे: ताकद पुरेशी, व्हॉल्व्ह आजही अनेक कारखान्यांत बनतात, बदली संच परवडतो आणि रचना इतकी जुनी आहे की जाणता दुरुस्तीवाला ती डोळे मिटून समजून घेतो. खोली लहान आणि स्पीकर ९० च्या आसपास असतील तर ईएल८४ चा पुश-पुल घ्या. त्याचा मधला सप्तक फार मोकळा असतो आणि उष्णताही कमी. केटी८८ मोठ्या हॉलला. ३००बी घ्यायचा तर स्पीकरही त्याच्यासाठीच निवडायचे, नाहीतर नको.

बायस म्हणजे पॉवर व्हॉल्व्हमधून निवांत अवस्थेत वाहणारा करंट. ऑटो बायसमध्ये (कॅथोड बायस) रेझिस्टर तो आपोआप सांभाळतो; तुम्ही फक्त जुळवलेली जोडी घालायची. ताकद थोडी कमी मिळते. फिक्स्ड बायसमध्ये ताकद जास्त, पण व्हॉल्व्ह बदलला की प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून करंट स्वतः लावावा लागतो. मल्टिमीटर हातात धरायची तयारी नसेल तर ऑटो बायस घ्या. फिक्स्ड घेत असाल तर प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा प्रीसेट आणि बाहेरून मोजता येईल असा टेस्ट पॉइंट आहे ना, याची खात्री करा. खाली चेसिस उलटी करून ४०० व्होल्टच्या शेजारी स्क्रूड्रायव्हर फिरवावा लागत असेल तर तो ॲम्प नवख्याचा नाही.

बायस किती लावायचा? निर्मात्याने आकडा दिला असेल तर तोच. नसेल तर असा काढा. प्लेट म्हणजे व्हॉल्व्हमधलं इलेक्ट्रॉन गोळा करणारं टोक. ईएल३४ ची प्लेटवरची मर्यादा २५ वॉट. क्लास एबीत (पुश-पुलची नेहमीची पद्धत, मोठ्या आवाजाला दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात) त्याच्या ७० टक्के, म्हणजे १७.५ वॉट. प्लेट व्होल्टेज ४२५ असेल तर १७.५ भागिले ४२५, म्हणजे ४१ मिलिअँपियर. कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) १० ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर ०.४१ व्होल्ट दिसायला हवेत; १ ओहमचा असेल तर ४१ मिलिव्होल्ट. लावण्याची रीत अशी:

१. ॲम्प बंद असताना सर्व बायस प्रीसेट कमीत कमी करंटच्या बाजूला फिरवा. कुठली बाजू ते पुस्तिकेत बघा, अंदाजाने नको.
२. स्पीकर जोडलेले, इनपुट रिकामं, व्हॉल्यूम शून्य.
३. चालू करा, पाच मिनिटं थांबा, एका हाताने प्रोब लावून मोजा. दुसरा हात पाठीमागे.
४. प्रत्येक व्हॉल्व्ह आधी लक्ष्याच्या ८० टक्क्यांपर्यंत आणा. एक वाढवला की पॉवर सप्लायचं व्होल्टेज खाली येतं आणि बाकीचे हलतात, म्हणून फेरी दोन-तीनदा मारावी लागते.
५. वीस मिनिटांनी पुन्हा मोजा आणि आकडा लावा. आठवड्याने परत एकदा, नंतर दोन-तीन महिन्यांनी.

एकाच चॅनलच्या दोन व्हॉल्व्हमध्ये २ मिलिअँपियरपेक्षा जास्त फरक ठेवू नका. फरक मोठा असेल तर फट नसलेला गाभा एका बाजूला चुंबकीत होतो. आधी खर्ज जातो, मग घरघर वाढते.

५. आपल्याकडची वीज

परदेशातून मागवलेल्या ॲम्पचा मेन्स ट्रान्सफॉर्मर कितीचा आहे हे पहिल्यांदा विचारा. चीनहून येणारे बरेच ॲम्प २२० व्होल्टचे असतात. आपल्याकडे अधिकृत दाब २३०, आणि रात्री लोड कमी झाला की अनेक ठिकाणी २४५ दिसतात. २२० च्या ट्रान्सफॉर्मरला २४५ मिळाले की ६.३ व्होल्टचं हीटर ७ व्होल्टवर चालतं, म्हणजे ११ टक्के जास्त. १० टक्क्यांच्या पुढे कॅथोडचं आयुष्य झपाट्याने घटतं. प्लेटचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढलेलं असतं. उपाय सोपा आहे: ४ अँपियरचा डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या आणि ॲम्पच्या टोकाला २२० ठेवा. दोन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ प्लगमध्ये मोजून मगच ठरवा.

जपानी १०० व्होल्टचा किंवा अमेरिकी ११७-१२० व्होल्टचा जुना ॲम्प स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवण्याआधी पाटीवर ५० हर्ट्झ लिहिलंय का बघा. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर गुणगुणतो आणि तापतो.

अर्थिंग तोडू नका. घरघर जावी म्हणून तीन पिनांची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. चेसिसवर ४०० व्होल्ट आले तर वाचवणारी तीच एक तार असते. ग्राउंड लूपची (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटची) घरघर असेल तर सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावा, तरीही राहिली तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प चालवू नका.

वीजबिलाची धास्ती नको. चार ईएल३४ चा ॲम्प निवांत असताना १५० वॉटच्या आसपास घेतो. रोज तीन तास लावला तर महिन्याला १३-१४ युनिट. खरा त्रास उकाड्याचा. काच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, म्हणून वर किमान ३० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, बंद कपाटात ठेवू नका, आणि घरात लहान मूल असेल तर जाळी काढू नका. जाळीचा दुसरा उपयोग पावसाळ्यात कळतो: ऊब शोधत पाली आणि झुरळं आत शिरतात आणि ४०० व्होल्टच्या टोकांवर मरतात, जाताना फ्यूज घेऊन. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत व्हॉल्व्हच्या पिना काळवंडतात. वर्षातून एकदा ॲम्प बंद आणि थंड असताना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा.

६. जोडणी

स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प कधीही चालू करू नका. भार नसताना सिग्नल आला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज तयार होतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. याच कारणासाठी सैल स्पीकर वायर चालणार नाही. पहिल्यांदा स्पीकरच्या छापील ओहमप्रमाणे टॅप निवडा, मग दुसराही ऐकून बघा. खर्ज आवळलेला लागला तर तोच ठेवा. ऑक्टल (आठ पिनांच्या मोठ्या) व्हॉल्व्हची मधली खाच जुळवून, बुडाला धरून सरळ दाबा. नऊ पिनांचे छोटे व्हॉल्व्ह वाकवून काढले तर बुडाची काच तडकते आणि व्हॉल्व्ह पांढरा पडतो. पांढरा म्हणजे हवा शिरली, मेला. बंद केल्यावर लगेच पुन्हा चालू करू नका, दोनेक मिनिटं जाऊ द्या.

रेकॉर्डप्लेअर लावायचा असेल तर फोनो स्टेज वेगळी लागेल. साध्या लाइन इनपुटला कार्ट्रिजचे (सुई बसवलेल्या भागाचे) ५ मिलिव्होल्ट पुरत नाहीत.

७. बिघाड ओळखणं

प्लेट लालबुंद दिसली की त्या क्षणी बंद करा. कारण तीनपैकी एक: बायस सुटलाय, व्हॉल्व्ह खराब आहे, किंवा आधीचा टप्पा या व्हॉल्व्हला जोडणारा कपलिंग कॅपॅसिटर गळतोय. तो व्हॉल्व्ह दुसऱ्या जागी घालून, नजर न हटवता, पुन्हा बघा. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर व्हॉल्व्ह दोषी. जागेवरच राहिली तर सर्किट. एका चॅनलची खरखर, कमी आवाज, टिचकी मारल्यावर वाजणारी टणटण, या सगळ्याला हीच अदलाबदल लागू. नवा फ्यूज त्याच आकड्याचा आणि स्लो-ब्लो (सावकाश उडणारा). दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा घालू नका.

पॉवर व्हॉल्व्ह दोन ते तीन हजार तास चालतात, छोटे व्हॉल्व्ह त्याच्या कितीतरी पट. पॉवर व्हॉल्व्हचा एक जुळवलेला जास्तीचा संच, एक छोटा ईसीसी८३ व्हॉल्व्ह आणि चार फ्यूज घरात ठेवा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४ जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे मिळाले तर टेस्टरवर तपासून जरूर घ्या, चांगले आहेत.

८. जुना ॲम्प घेताना

पन्नास-साठच्या दशकातला ॲम्प थेट प्लगला लावू नका. इलेक्ट्रोलिटिक आणि कपलिंग कॅपॅसिटर बदलायचा खर्च किमतीतच धरा. १९५९ च्या डायनॅको एसटी-७० सारख्या ॲम्पमध्ये बायस पुरवठ्याला सेलेनियम रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा जुना भाग) आहे. तो थकला की चारही ईएल३४ लाल होतात, तेव्हा आधी त्या जागी सिलिकॉन डायोड घाला. त्याच ॲम्पचा मूळ बायस आकडा १.५६ व्होल्ट आहे आणि तो १५.६ ओहमवर दोन व्हॉल्व्हचा मिळून मोजतात, म्हणजे एकाला ५० मिलिअँपियर. आजच्या व्हॉल्व्हना एकाला ४० वर ठेवलं तर ते जास्त टिकतात.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र घेण्याआधीच तपासा, कारण तो गेला तर तसाच मिळणं कठीण. ॲम्प बंद, प्लग काढलेला, मुख्य कॅपॅसिटरवर २० व्होल्टपेक्षा कमी उरलेत याची मीटरने खात्री केलेली. मग पॉवर व्हॉल्व्ह काढून पुश-पुलच्या दोन्ही प्लेटच्या पिनांपासून मधल्या टॅपपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. प्रत्येक बाजूला साधारण ५० ते २५० ओहम दिसतील. दोन अर्ध्यांत १५-२० टक्के फरक चालतो, कारण बाहेरच्या वेटोळ्यांची तार लांब असते. एक बाजू उघडी दाखवत असेल, किंवा डावा आणि उजवा ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी जुळत नसतील, तर नव्या जोडीचे पैसे किमतीतून वजा करून मागा, नाहीतर तो ॲम्प तिथेच सोडा.